पट साठचा, पंगत चाळीसची : शालेय पोषण आहाराचा खर्च मोजायचा कसा?

येरळा

आमच्या गावच्या (तालुका खटाव) जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. पोषण आहाराचा विषय दर बैठकीत निघतो. तांदूळ किती आला, पोत्यात किती कमी भरला, रिकामी बारदानं विकली का, इंधन-भाजीपाल्याचं बिल जमा झालं का, यातच सगळा वेळ जातो. आज किती मुलं जेवली आणि किती मुलांनी नुसतं पानावर बसून भात परत टाकला, हे कोणी विचारतच नाही. मला वाटतं, खर्चाची चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी.

आधी पैशाचं सांगते. १ मे २०२५ पासून साहित्याचा दर पहिली ते पाचवीसाठी रोज एका मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे आहे. यातच डाळ-कडधान्य, तेल, मीठ-मसाला, भाजी, जळण हे सगळं बसवायचं. केंद्र ६० टक्के देतं, राज्य ४०. तांदूळ वेगळा, तो केंद्राकडून पूर्ण मोफत : लहानांना १०० ग्रॅम, मोठ्यांना १५० ग्रॅम.

आता समजा शाळेत पहिली ते पाचवीची ६० मुलं आहेत आणि वर्षाला २२० दिवस आहार शिजला. एका मुलाच्या साहित्याचे होतात १,४९१ रुपये. तांदूळ २२ किलो. सरकारला तांदूळ खरेदी, साठवण, वाहतूक धरून किलोला ४० रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे ८८० रुपये. स्वयंपाकी-मदतनीस दोन, प्रत्येकीला महिन्याला २,५०० रुपये आणि तेही दहाच महिने. दोघींचे ५० हजार, ६० मुलांत वाटले तर ८३३ रुपये. बेरीज ३,२०० च्या जवळ जाते. एका ताटाला साधारण साडेचौदा रुपये. कराडच्या स्टँडवर एवढ्यात वडापाव मिळेल न मिळेल.

आता त्यातली २० मुलं जेवत नाहीत असं धरा. साहित्य आणि तांदूळ मिळून वर्षाला साधारण ४७ हजार रुपये खर्चलेच जात नाहीत. हिशोबात ती बचत दिसते. पण स्वयंपाकिणींचं मानधन तेवढंच राहतं, ताट साडेसोळा रुपयांवर जातं आणि ४,४०० ताटं कुणाच्याच पोटात जात नाहीत. मी याला बचत म्हणणार नाही. आणि न जेवलेली मुलंसुद्धा हजेरीला धरून जेवली अशी मांडली, तर नासाडीही होते आणि आकडाही खोटा ठरतो.

आमच्याकडे मुलं का जेवत नाहीत हे मी आयांना आणि मुलांनाही विचारलं. चौथी-पाचवीच्या मुली म्हणाल्या, रोज पिवळा भातच असतो. दोन आया म्हणाल्या, आम्ही डबा देतो, शाळेचं खाल्लं तर लोक काय म्हणतील. एकीने स्वयंपाकिणीच्या जातीवरून नाक मुरडलं. तिला मी तिथेच सुनावलं आणि पुढेही सुनावेन.

तुमच्या शाळांमध्ये पट किती, हजेरी किती आणि प्रत्यक्ष पंगत किती? शिक्षक, पालक, स्वयंपाकघरात काम करणारे, सगळ्यांनी लिहा.

---

माणगंगा

माण तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. येरळाताई, तुमचा हिशोब आमच्या शाळेला लावला तर काय होतं पाहा. आमचा पट १२. पंचवीसपर्यंत पट असेल तर एक स्वयंपाकी. तिचे वर्षाचे २५ हजार बारा मुलांत वाटले की एका मुलामागे २,०८३ रुपये होतात. साहित्य आणि तांदूळ तेवढाच. म्हणजे आमचं ताट वीस रुपयांवर जातं. वाडी-वस्तीची शाळा महाग पडते असं कागद म्हणणार, आणि तो कागद पुढे करून कोणी आहार बंद करायला निघालं तर ते मला मान्य नाही. इथे मूल सकाळी कोरडा चहा पिऊन येतं. दुपारी शाळेत जेवण नसेल तर ते घरी जातं आणि बहुतेक परत येत नाही.

आमच्याकडे बाराच्या बारा जेवतात. कारण सरळ आहे. बाई वस्तीतलीच आहे, मुलं तिला काकी म्हणतात, भात गरम असतो आणि ताटात वाढलेलं संपलं की ती पुन्हा विचारते.

पैसे मात्र वेळेवर येत नाहीत. धान्यादी माल पुरवठादार आणून टाकतो, पण भाजी, जळण, पूरक आहार हे आधी आपण घ्यायचं आणि बिल मागाहून. हे 'मागाहून' कधी कधी दोन-तीन महिन्यांवर जातं. गावातला दुकानदार शिक्षकाच्या तोंडाकडे बघून उधार देतो. ६० मुलांच्या शाळेत भाजी एकदम घेता येते, स्वस्त पडते. बारा मुलांना ५० ग्रॅमप्रमाणे भाजी म्हणजे ६०० ग्रॅम. बाजार आठवड्यातून एकदा. मग पालेभाजी कुठून आणायची? आम्ही शाळेमागे परसबाग केली आहे : शेवगा, मेथी, दोडका. पाणी असेल तोवर चालते. फेब्रुवारीनंतर टँकर आला की आधी माणसं.

दुष्काळाचा विषय निघालाच आहे तर आठवण करून देतो. १३ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मुलांना आहार द्यावा असा आदेश दिला होता. मुलाला भूक सुट्टीतही लागते, हे न्यायालयाला सांगावं लागलं.

---

हळद_बाजार

सांगलीत व्यापार आहे, कर भरतो, म्हणून स्पष्ट विचारतो. केंद्राने २०२१ ला ही योजना पीएम पोषण नावाने पाच वर्षांसाठी मंजूर केली तेव्हा आकडा होता १ लाख ३० हजार ७९५ कोटी, धान्याचे ४५ हजार कोटी धरून. मुलं ११ कोटी ८० लाख. एवढा पैसा जातो तर ज्यांच्या घरी खायला आहे त्यांच्या मुलांना कशासाठी? ज्यांना गरज आहे त्यांनाच द्या, पण चांगलं द्या. साडेचौदा रुपयांत सगळ्यांना पातळ खिचडी देण्यापेक्षा निम्म्यांना तीस रुपयांचं पोटभर जेवण का नको? मी मुलांच्या जेवणाच्या विरोधात नाही. पैसा जिथे लागतो तिथे लागला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

---

अजिंक्यतारा

हळद_बाजार, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एक, जिल्हा परिषद शाळेत आज कोणाची मुलं येतात ते बघा. ज्यांना परवडतं त्यांच्यापैकी बरेच जण इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत गेले. पिवळ्या बसमध्ये बसून जाणारं मूल या योजनेत मुळातच नाही. म्हणजे निवड आधीच झालेली आहे. उरलेल्यांत पुन्हा दाखले तपासत बसायचं, तर तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्स, अर्ज, मुदत हे सगळं आलं. ज्या घराला सर्वात जास्त गरज असते तेच घर त्यात मागे पडतं.

दोन, कायदा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला. त्याआधी १९९५ पासून आपल्याकडे महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ मिळायचा, तोही ८० टक्के हजेरी असेल तर. तांदूळ घरी जायचा, सगळ्यांत वाटला जायचा. तो त्या मुलाच्याच पोटात गेला का, हे कोण सांगणार? पुढे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचं जेवण हा हक्क झाला. लहानांना ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० आणि २० ग्रॅम. हक्क म्हटल्यावर त्यात निम्म्यांना वगळता येत नाही.

तीन, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. आपण साताऱ्याची माणसं आहोत. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. गावोगाव मूठ-मूठ धान्य गोळा करून त्यावर मुलं जेवली, आणि वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. तिथे गरीब मूल वेगळं आणि बऱ्या घरचं वेगळं बसवलं असतं तर त्या बोर्डिंगचा अर्थच उरला नसता. ज्या शाळेत काही मुलं 'सरकारी' ताट घेतात आणि काही डबा उघडतात तिथे चौथीतल्या मुलालाही कळतं कोण कुठला. मग ते मूल भूक असूनही 'मला नको' म्हणतं.

---

लेस्टरहून_मिरजकर

अजिंक्यतारांच्या तिसऱ्या मुद्द्यावर इथला अनुभव. इंग्लंडमध्ये मोफत जेवण मुख्यतः उत्पन्न बघून दिलं जातं. २०१८ मध्ये मर्यादा वर्षाला ७,४०० पौंड कमाईची ठरली. त्याच्या थोडं वर असलेली, पण ओढाताणीतली पुष्कळ घरं बाहेर राहिली. आणि जी पात्र होती त्यांतलीही सगळी मुलं जेवण घेत नव्हती : कुणाचा अर्जच केलेला नसायचा, कुणाला लाज वाटायची. सप्टेंबर २०१४ पासून सर्वात लहान तीन वर्गांना सरसकट मोफत केलं. लंडनच्या महापौरांनी २०२३ पासून तिथल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत दिलं, वेल्सने पण टप्प्याटप्प्याने प्राथमिकला सरसकट केलं. माझी मुलगी त्या लहान वर्गांत असताना सगळेच एका रांगेत उभे राहायचे. कोण मोफत, कोण विकत, हा विषयच नव्हता. पुढच्या वर्गात गेल्यावर लगेच डबे दिसायला लागले.

---

कृष्णाकाठ

माझी आई पलूस तालुक्यातल्या एका शाळेत पोषण आहार शिजवते. मी नववीत असल्यापासून ती हे करते. मी आता नोकरीला आहे, तरी सुट्टीला गेलो की तिच्याबरोबर शाळेत जातो. म्हणून जरा मोठं लिहितो, माफ करा.

सकाळी नऊला ती जाते. तांदूळ निवडणं, डाळ धुणं, मटकी आदल्या दिवशी भिजवलेली असते ती बघणं, भाजी चिरणं. मोठ्या सुट्टीत वाढणं, मग ताटं घासणं, टोप घासणं, किचनशेड झाडणं. दुपारी तीनच्या आत घरी नाही. त्याचे २,५०० रुपये. २०२३ च्या आधी १,५०० होते. त्यातही केंद्राचा हिस्सा ६०० रुपयेच, कारण केंद्राने २००९ पासून १,००० रुपये धरलेत आणि त्याच्या ६० टक्के देतं. बाकीचा भार राज्यावर. मे-जूनचं मानधन नाही. रोजंदारीला भांगलायला गेली तर चार-पाच तासांत शाळेतल्या दिवसाच्या मानधनाहून जास्त सुटतं, हे तिला कळतं. तरी ती सोडत नाही. मी सोड म्हणालो तर म्हणते, "पोरांस्नी माझ्या हातची सवय झालीय. दुसरी कोण आली तर खात्यात का न्हाई काय सांगू."

येरळाताईंनी पंगतीचा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर माझ्या मते तिच्या या वाक्यात आहे. पंगत वाढते ती चवीने आणि वाढणाऱ्या हाताने. आई घरून कढीपत्ता नेते, लसूण ठेचून फोडणीला घालते. पुरवठादाराच्या मसाल्याला वास नसतो, म्हणून आमच्या घरचं कांदा-लसूण तिखट जातं. त्याचा हिशोब कोणत्याच रजिस्टरला नाही. एकदा बिल थकलं होतं तेव्हा मी म्हणालो, भाजी नको घालू आठवडाभर. तर म्हणाली, "पैसं आलं न्हाईत ही पोरांची चूक हाय व्हय? कोरडा भात कसा वाढू?"

आणि अंडं. नोव्हेंबर २०२३ ला आठवड्यातून एकदा अंडं द्यायचा निर्णय झाला, न खाणाऱ्याला केळं. दर ५ रुपये धरला होता आणि बाजारात अंडं त्याच्या वर होतं, तरी कसंबसं बसवलं. अंड्याच्या दिवशी शाळेत एक मूल गैरहजर नसायचं. आठवीची मुलं, जी एरवी मैदानावर असायची, ती ताट घेऊन पहिल्या ओळीत. जानेवारी २०२५ ला सरकारने त्याचा निधी काढून घेतला, वाचले वर्षाचे ५० कोटी. अंडं आणि गोड पदार्थ आता ऐच्छिक, लोकवर्गणीतून जमलं तर करा. त्याच्या पुढच्या बुधवारी मुलं आईला विचारत होती, आज हाय का? तिला उत्तर देता येईना.

हळद_बाजार, राज्याच्या एवढ्या मोठ्या कारभारात ५० कोटी वाचवताना हेच सुचलं, याचा मला राग आहे. बारा प्रकारच्या पाककृतींची यादी आली : पुलाव, खिचडी, उसळ, मूग-शेवग्याचं वरण, तांदळाची खीर. आईने यादी वाचली आणि विचारलं, खिरीची साखर कोण देणार?

---

चांदोली

न जेवण्याचं अजून एक कारण कोणी लिहिलं नाही. फोर्टिफाइड तांदूळ. शिराळ्याकडे आमच्या गावात व्हॉट्सअॅपवर फिरलं की शाळेच्या तांदळात प्लॅस्टिकचे दाणे आहेत. आयांनी तांदूळ पाण्यात टाकून पाहिला, काही दाणे वर तरंगले, झालं. कित्येक मुलांना दुसऱ्या दिवसापासून डबे.

ते दाणे तांदळाच्याच पिठाचे बनवलेले असतात, त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेलं असतं. शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळतात. वजनाला हलके म्हणून तरंगतात. स्वयंपाकिणीला हे कोणी सांगितलं नव्हतं, ती इतके दिवस ते वेचून टाकत होती! सरकार त्या दाण्यावर खर्च करतं आणि तो नेमका उकिरड्यावर जातो. आमच्या आशाताईंनी पालकसभेत समजावलं, सगळ्यांसमोर त्याच तांदळाचा भात खाल्ला, तेव्हा कुठे डबे कमी झाले. पोत्याबरोबर मराठीत एक साधी चिठ्ठी आली असती तर हे सगळं टळलं असतं.

---

अग्रणी

ऊसतोडीच्या मुलांचाही विचार करा. दिवाळीनंतर वाळवा, कराड, पलूस पट्ट्यात टोळ्या उतरतात, बीडकडच्या आणि आपल्या जत-आटपाडीच्याही. पोरं फडात आईबापाबरोबर. जे शिक्षक खोपटावर जाऊन त्यांना शाळेत आणतात त्यांना विचारा, पहिल्या आठवड्यात मूल कशाने टिकतं. जेवणाने. आणि याच महिन्यांत जतच्या गावात पंगत रोडावते, तिथे कोणी म्हणतं, बघा मुलं जेवत नाहीत, तांदूळ कमी करा. मूल इथून तिथे गेलं तर ताटही त्याच्यामागे गेलं पाहिजे.

---

अजिंक्यतारा

खर्चाच्या परताव्याबद्दल एक माहिती राहिली होती. २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये भारताच्या या योजनेवरचा अभ्यास आला. ज्या मुलींना लहानपणी शाळेत हे जेवण मिळालं, त्या आई झाल्यावर त्यांच्या मुलांची वयाच्या मानाने उंची चांगली आढळली. आपल्या राज्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी निघाली. आज चौथीत असलेल्या मुलीच्या ताटातून जे कमी होईल ते तिच्या बाळापर्यंत जाणार आहे. एका आर्थिक वर्षाच्या ताळेबंदात हे दिसत नाही.

---

हळद_बाजार

सगळं वाचलं. सरसकट द्यावं की नाही यावर माझं मत अजून तेच आहे, पण गावच्या शाळेत निवड आधीच झालेली आहे हा मुद्दा पटण्यासारखा आहे. अंड्याचा हिशोब मी करून पाहिला. ६० मुलं, अंडं ७ रुपयाला, आणि निर्णयात होते तसे २३ आठवडे. ९,६६० रुपये होतात. एका शाळेचं वर्षाचं अंडं दहा हजारांच्या आत. मार्केट यार्डातली आम्ही काही मंडळी मिळून मिरज तालुक्यातल्या एक-दोन शाळांचं सहज करू शकतो. कोणाशी बोलायचं?

---

माणगंगा

शाळेच्या मुख्याध्यापकांशी आणि व्यवस्थापन समितीशी बोला, ठराव करून घ्या. वर्गणी रोख देऊ नका, थेट अंडी द्या आणि नोंद करायला लावा. स्नेहभोजन म्हणूनही देता येतं, पण ते एका दिवसाचं होतं. दर आठवड्याला द्यायचं ठरवलं तर मुलांना खरा उपयोग.

तुम्ही देताय याचा मनापासून आनंद आहे. पण एक म्हणायचंच आहे. लोकवर्गणीवर सोडलं की ज्या गावात कारखान्याचे सभासद, द्राक्षबागा, हळदीचे व्यापारी, तिथे अंडं मिळणार. आमच्या वस्तीवर वर्गणी मागायची कोणाकडे? ज्यांच्या मुलांना अंडं हवं त्यांच्याकडेच. म्हणून तुम्ही द्या, आणि त्याच ठरावात शासनाने निधी पुन्हा सुरू करावा अशी मागणीही लिहा. व्यापाऱ्यांच्या सहीला वजन असतं.

---

येरळा

माणगंगा सरांचं शेवटचं वाक्य आमच्या ठरावातही घालते.

या महिन्यापासून आमच्या शाळेच्या फळ्यावर रोज चार आकडे लिहायचे असं समितीत मंजूर करून घेतलं आहे : पट, हजेरी, प्रत्यक्ष जेवलेली मुलं, उरलेला भात किलोमध्ये. मुख्याध्यापक आधी नाराज होते, आणखी एक काम म्हणून. मग पाचवीच्या मुलींनीच लिहायचं ठरलं. चव रजिस्टरवर सही करायला रोज एक आई येणार, आणि तिने मुलांबरोबर पंगतीतच बसून खायचं, वेगळ्या खुर्चीवर नाही. स्वयंपाकिणीच्या जातीवरून बोलणाऱ्या बाईंची पाळी मी पहिल्याच आठवड्यात लावली आहे.

कृष्णाकाठ, तुमच्या आईंना एक विचारायचं होतं. मोड आलेली मटकी भातात घातली की आमची मुलं वेचून बाजूला काढतात. त्या वेगळी उसळ करतात की भातातच घालतात?

---

कृष्णाकाठ

विचारलं. वेगळी उसळ करते, भातात घालत नाही. म्हणाली, मटकी आधी तेलावर चांगली परतून घ्या, कांदा-लसूण तिखट घाला, शेवटी थोडा गूळ. रस्सा दाट ठेवा, भाताला लागला पाहिजे. आणि पहिलं ताट सगळ्यात हट्टी पोराला वाढा.